तहानेची चाहूल

रब्बी ज्वारीची पानं दुपारच्या उन्हात सुरळीसारखी गुंडाळली जाऊ लागली की पिकाला ताण बसल्याचं शेतकरी ओळखतो. रोपाला मात्र तो आधीच जाणवलेला असतो. मुळांशी ओल कमी झाली की पानांवरची पर्णरंध्रं मिटू लागतात, बाष्पोच्छ्वास मंदावतो आणि वाफेबरोबर बाहेर पडणारी उष्णता पानातच अडकते. पान वरून हिरवंगार दिसतं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र ते शेजारच्या पाणी मिळालेल्या पानापेक्षा गरम असल्याचं उघड होतं.

पूर्वी पानांचं क्षेत्रफळ मोजायचं तर पानं तोडावी लागत. मापन झालं की ते रोप प्रयोगातून बाद. कॅमेरे आणि लेसर आल्यापासून एकाच रोपाची वाढ उगवणीपासून रोज नोंदवता येते.

हैदराबादजवळ पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतली ‘लीझीस्कॅन’ यंत्रणा मला यात सर्वांत मोलाची वाटते. तिथे उघड्या आभाळाखाली रोपांच्या कुंड्या असतात, वरून लेसर स्कॅनर फिरत पानांचा त्रिमितीय आकार टिपतो. काही कुंड्या सतत वजन करणाऱ्या काट्यांवर ठेवलेल्या असतात. वजन घटलं म्हणजे पाणी उडालं. त्याला पानांच्या क्षेत्रफळाने भागलं की कोणता वाण किती उधळा हे कळतं. हवा फार कोरडी झाली की काही वाण बाष्पोच्छ्वासाला आवर घालतात. त्या दिवसापुरती त्यांची वाढ थोडी मंदावते, पण जमिनीत शिल्लक राहिलेली ओल पुढे दाणे भरताना कामी येते. पावसाळ्यानंतरच्या साठवलेल्या ओलीवरच वाढणाऱ्या रब्बी ज्वारीसाठी हा गुण लाखमोलाचा आहे.

अर्थात, कुंडीतल्या मुळांना खोल जायला वाव नसतो. सोलापूरच्या भारी काळ्या जमिनीत तीच मुळं कितीतरी खाली उतरतात. त्यामुळे यंत्राने निवडलेला वाण शेतातही सरस ठरेलच, असं धरून चालता येत नाही.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. रोपांचं असं स्वयंचलित चित्रण तिथेही होतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी आणि तिच्या जोडीने नवे वाण आपल्या संशोधकांनी या कॅमेऱ्यांखाली आणावेत, आणि त्याच हंगामात ते कोरडवाहू शेतात पेरून दोन्ही निकालांचा ताळा शेतकऱ्यांपुढे ठेवावा.