‘९७ टक्के उष्णता बंद’ : दावा असा तपासा

विक्रेता उष्णतारोधक फिल्म लावलेल्या काचेमागे इन्फ्रारेड दिवा पेटवतो आणि हात पुढे धरायला सांगतो. चटका बसत नाही, सौदा पटतो. पण ऊन म्हणजे नुसतं इन्फ्रारेड नव्हे.

• उन्हातली ऊर्जा : ढोबळमानाने इन्फ्रारेड ५३, दृश्य प्रकाश ४४, अतिनील ३ टक्के.

• ‘९७ टक्के आयआर (इन्फ्रारेड)’ : बहुधा ठरावीक तरंगलांबीपुरता आकडा, एकूण उष्णतेचा नव्हे.

• पाहायचा आकडा : टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी अडलेला वाटा. तो कोणत्या काचेवर मोजला, हेही विचारा.

• सोपा हिशेब : ७० टक्के प्रकाश सोडणाऱ्या फिल्ममधून प्रकाशाबरोबरच एकूण सौरऊर्जेपैकी सुमारे ३१ टक्के (४४ चे ७० टक्के) आत येते. तिचा टीएसईआर ७० च्या वर सांगितला, तर शंका घ्या.

पैसे देण्याआधी कंपनीचा तांत्रिक तक्ता मागा. आकडे बिलावर लिहून घ्या.