लाल पानांची भीती किती खरी?

गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांची लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. नाताळात शेजाऱ्यांनी तिला लालभडक पानांची एक कुंडी भेट दिली. घरात दहा महिन्यांचे रांगते बाळ. दुसऱ्या एका शेजारणीने सांगितले, "हे झाड भयंकर विषारी आहे. एक पान पोटात गेले तरी मूल दगावते." घाबरून लेकीने कुंडी रात्रीच बाहेर ठेवली आणि सकाळपर्यंत झाड थंडीने करपून गेले. भगिनी पुढे लिहितात, "फोटो पाहिला तर ते आमच्या कुंपणाचेच झाड निघाले! माझी तिन्ही मुले त्याखाली खेळून मोठी झाली. आता धाकटा नातू घरात आहे. झाड तोडून टाकावे का?"

प्रश्न अनेकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून उत्तर या सदरातून देत आहे.

या झाडाला कोणी पानचेटी म्हणतात, कोणी लालपत्ती. इंग्रजी नाव पॉइन्सेटिया. मूळ ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. मेक्सिकोतील अमेरिकेचे राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी 1828 च्या सुमारास ते आपल्या देशात नेले, म्हणून त्यांचे नाव झाडाला मिळाले. आपण ज्याला फूल समजतो ती खरे तर रंगलेली पाने असतात. फुले म्हणजे मधोमध दिसणारे पिवळसर बारीक गोंडे.

मेक्सिकोत काय किंवा आपल्याकडे काय, उबदार हवेत हे चांगले दहा-बारा फूट उंच झुडूप होते. रात्री मोठ्या झाल्या की पाने रंगू लागतात. सलग आठ-दहा आठवडे रोज बारा-चौदा तासांचा काळोख त्याला लागतो. झाडावर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर ते हिरवेच राहते. थंड देशांत मात्र ते अंगणात तगत नाही. तापमान दहा अंशांच्या खाली गेले की त्याला इजा होते. म्हणून तिकडे ते हरितगृहात वाढवून, बुटके ठेवून, कुंडीत विकतात. चार आठवडे घराची शोभा वाढवायची आणि सण सरला की बहुतेक घरांतून कचऱ्यात जायचे, असे तिकडे त्याचे आयुष्य.

आता विषाबद्दल. ही भीती पसरली ती 1919 सालच्या एका हकिगतीवरून. हवाई बेटावर एका लष्करी अधिकाऱ्याचे दोन वर्षांचे मूल या झाडाचे पान खाऊन दगावले, असे सांगितले गेले. पुढे ती हकीगत ऐकीव ठरली, तिला पुरावा मिळाला नाही. पण पुस्तकांतून ती छापली गेली आणि तोंडोतोंडी पसरली. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे आलेल्या 22,793 प्रकरणांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. त्यांपैकी 92 टक्क्यांहून अधिक जणांना कसलाच त्रास झाला नाही आणि मृत्यू एकही नव्हता.

याचा अर्थ पान खाण्याजोगे आहे असा नव्हे. पान कडू असते, त्यामुळे मूल बहुधा थुंकून टाकते. पोटात गेलेच तर मळमळ, एखादी उलटी किंवा पोटात दुखणे, एवढ्यावर भागते.

मग धोका कशात आहे? घाबरून केलेल्या उपायांत! माझ्याकडे एकदा असाच एक तीन वर्षांचा मुलगा आणला होता. त्याने लाल पान चघळले होते. घरच्यांनी ओकारी यावी म्हणून त्याला दोन पेले मिठाचे पाणी पाजले. पानाने मुलाला काहीच झाले नव्हते. तो मलूल झाला होता तो मिठामुळे आणि दोन दिवस त्याला सलाइनवर ठेवावे लागले. लहान मुलाच्या रक्तात मीठ एकदम वाढले तर झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. मुलाने काहीही खाल्ले असो, मिठाचे पाणी पाजू नका, घशात बोटे घालू नका.

दुसरा धोका चिकाचा. पान तोडले, फांदी कापली की पांढरा चीक येतो. तो कातडीला लागला तर काहींना खाज येते, पुरळ उठते. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष जपावे. डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, चुरचुरतो. कुंडीतल्या झाडाला कोणी फारशी कात्री लावत नाही. आपल्या अंगणातले झाड मात्र बहर सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण छाटतो आणि घामेजलेला चेहरा त्याच हाताने पुसतो. शेर आणि निवडुंग याच कुळातले, पण त्यांचा चीक याहून कितीतरी जहाल. रुईचे कूळ वेगळे, पण तिचा चीकही डोळ्याला फार वाईट. या चिकांनी बुबुळाला इजा होऊन दृष्टी अधू होऊ शकते.

म्हणून एवढे पाळावे :

1) छाटणी करताना हातमोजे व चष्मा घालावा. काम झाल्यावर हात आणि कात्री साबणाने धुवावी.

2) चीक डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा. दूध, तूप, मध, एरंडेल काहीही घालू नये.

3) मुलाने पान चघळले तर तोंडातले तुकडे काढावेत, चूळ भरायला लावावी, घोटभर पाणी द्यावे. वारंवार उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा झाड कोणते याविषयी शंका असली तर त्या झाडाची फांदी सोबत घेऊन दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा.

ज्या झाडांची खरी भीती बाळगायला हवी ती आपल्या आवारात निर्धास्त उभी असतात. कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी, हिच्या बिया थेट हृदयावर परिणाम करतात. धोतरा, गुंज, एरंडाच्या बिया यांनीही जीव जाऊ शकतो. मोगली एरंडाच्या बिया तर चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. शाळेच्या मागच्या कुंपणावरच्या बिया खाऊन मुले एकदम उलट्या-जुलाबांनी आजारी पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. यांतले काही खाल्ले असेल तर त्रास होण्याची वाट पाहू नये, तडक रुग्णालयात न्यावे.

तेव्हा भगिनी, आपली पानचेटी तोडू नका. नातू थोडा मोठा होईपर्यंत खालच्या फांद्या छाटून ठेवा, एवढे पुरे. लेकीला कळवा की पुढच्या नाताळात कुंडी खुशाल घरात ठेव, फक्त बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी. तिकडच्या विषबाधा केंद्राचा क्रमांक 1800-222-1222 तिने फोनजवळ लिहून ठेवावा.

आणि कुंपणाला आणखी काय काय उगवले आहे, ते या रविवारी एकदा फिरून पाहा. बिट्टीचे झाड दिसले तर मात्र नातवाला त्याच्या आसपास एकटे सोडू नका.