हातगाडीचं गणित

मोमेंट काढायचे, मार्क मिळवायचे आणि विसरायचं, हा आपला शिरस्ता. त्यापेक्षा लालबागच्या मसाला बाजाराजवळ हातगाडी भरताना बघा. मिरचीची पोती वाट्टेल तशी टाकत नाहीत. बहुतेक भार आसावर, थोडासा दांडीच्या बाजूला.

समजा गाडीसकट वजन ३०० किलो. वजनाचा मध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे, दांडी आसापासून २ मीटरवर. हातावर येतात फक्त १५ किलो. मध्य तेवढाच मागे गेला तर? दांडी तितक्याच जोराने वर उठते आणि हमालदादा गाडी ओढायची सोडून दांडीला लोंबकळतात!

खरी परीक्षा पुलावर. पोती उंच रचून मध्य आसाच्या ६० सेंटिमीटर वर गेला, तर २० फुटांना १ फूट अशा चढावर तो ३ सेंटिमीटर मागे सरकल्यासारखा होतो. हातावर उरतात साडेदहा किलो. उतारावर होतात साडेएकोणीस. म्हणून जड पोती खाली. नुसतं 'मावतंय ना' म्हणून रचत जाणं मला तरी अडाणीपणाच वाटतो.

परदेशात मोटारीमागे राहायचा ट्रेलर जोडतात, तिथेही हेच. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर ठेवतात. कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलतो. फार झाला की मोटार मागे दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट लागत नाही. शिवाय हुकवरचा भार मोटारीच्याच पेलोडमधून वजा होतो. मग डिकीत सामान कमी भरा! हातगाडीला ५ टक्के पुरतात, कारण तिचा वेग पावलांचा असतो आणि तो भार मनगटांवर असतो.