रेणू-रेणूंमधील व रेणूच्या आतील बले : अध्यापनातील एक अडचण

पाणी उकळताना कोणते बंध तुटतात, या प्रश्नास प्रथम वर्षाचे अनेक विद्यार्थी 'हायड्रोजन व ऑक्सिजनमधील' असे उत्तर देतात. वस्तुतः १०० अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ होण्यास सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा पुरते. त्यातील सर्व सहसंयुज बंध तोडण्यास मात्र सुमारे ९२६ किलोज्यूल लागतात. हे आकडे फळ्यावर शेजारी मांडले की बराच गोंधळ मिटतो. उरलेल्यास आपली परिभाषाही जबाबदार आहे. 'आंतररेणवीय' आणि 'अंतःरेणवीय' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच!

खरी कसोटी पुढे लागते. हायड्रोजन बंध म्हणजे दोन रेणूंमधील बल, असे पाठ झालेले असते. पण ऑर्थो-नायट्रोफिनॉलमध्ये तो एकाच रेणूतील शेजारच्या दोन गटांत आढळतो. पॅरा समघटकात हे गट दूर असल्याने त्याचे रेणू परस्परांशी बांधले जातात. परिणामी ऑर्थोचा द्रवणांक सुमारे ४५ अंश सेल्सिअस, तर पॅराचा ११४. बाष्प ऊर्ध्वपातनात ऑर्थो वाफेबरोबर निघून जातो, पॅरा चंबूतच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे प्रात्यक्षिक व्याख्यानाआधी घ्यावे. द्रव्य अपायकारक असल्याने वास घेऊन ओळखण्याचा मोह मात्र विद्यार्थ्यांना होऊ देऊ नये.