विकत घेतलेलं एक वर्ष : अमेरिकेतील खासगी शाळा आणि मुलांचं लॅक्रॉस



ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच खेळ घ्यायचे, हा निर्णय तिथे झाला. आपल्या वर्तमानपत्रांनी साहजिकच क्रिकेटचा मथळा केला. त्याच यादीत लॅक्रॉसचंही नाव होतं. ते वाचून बहुतेकांनी पान उलटलं असणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आपल्याकडे हा खेळ पाहिलेला माणूसच विरळा.

पण आपले जे श्रोते न्यू जर्सी, मेरिलँड किंवा बॉस्टनच्या बाजूला राहतात, त्यांना तो चांगला ठाऊक असेल. जाळीची काठी खांद्यावर टाकून शाळेत निघालेली मुलं त्यांच्या रोजच्या बघण्यातली. आज आपण त्या खेळाचा एकच कोपरा पाहणार आहोत : अमेरिकेतील खासगी हायस्कूलमधले मुलांचे संघ. विषय लांबचा वाटेल, पण त्यातला प्रश्न घरचाच आहे. कॉलेजचं दार अरुंद असतं आणि खेळ ही त्या दाराची किल्ली होते, तेव्हा मुलाच्या वाढीच्या वर्षांचं काय होतं?

आधी एक शब्द स्पष्ट करू. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी दिसली की ती खासगी आणि महागडी शाळा असते. अमेरिकेत उलटं आहे. तिथली पब्लिक स्कूल म्हणजे करातून चालणारी, फी नसलेली, आपल्या भागातल्या मुलांची शाळा. खासगी शाळा म्हणजे फीवर आणि देणग्यांवर चालणारी. नामांकित खासगी शाळेची फी वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात जाते, आणि वसतिगृहासकट सत्तर हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही वर. गरजू मुलांना या शाळा फीमध्ये सवलत देतात, हेही लक्षात ठेवू.

आता खेळ. मुलांच्या लॅक्रॉसमध्ये एका बाजूला दहा खेळाडू : एक गोलरक्षक, तीन बचावाचे, तीन मधले, तीन चढाईचे. काठीच्या टोकाला जाळी, आणि रबरी चेंडू सुमारे दीडशे ग्रॅमचा. तो जाळीत झेलायचा, पळायचं, फेकायचा, गोल करायचा. धक्काबुक्कीला नियमांत जागा आहे, म्हणून हेल्मेट, हातमोजे, खांद्याचं आणि कोपराचं संरक्षण लागतं. धक्का चालतो म्हटल्यावर अंगापिंडाला महत्त्व आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा. हॉडेनोशॉनी, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक इरोक्वा म्हणत आले, त्यांच्यात तो आजही निर्मात्याला अर्पण केलेला खेळ मानतात. मॉन्ट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्यानं १८६७ मध्ये त्याचे नियम लिहून काढले, आणि मग तो शहरांतल्या क्लबांत आणि कॉलेजांत गेला. अमेरिकेत हायस्कूलचे पहिले संघ १८८२ मध्ये उभे राहिले. कोणत्या शाळांत? फिलिप्स अँडोव्हर, फिलिप्स एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल. तिन्ही खासगी. म्हणजे शालेय लॅक्रॉसचा जन्मच खासगी शाळांच्या अंगणातला.

पण तो तिथेच राहिला, असं मात्र नाही. लाँग आयलंडवर गार्डन सिटी आणि मॅनहॅसेट या सार्वजनिक शाळांची चुरस १९३५ पासून चालू आहे. पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये दंतकथा झालेला जिम ब्राऊन मॅनहॅसेटमध्ये लॅक्रॉसही खेळला. आणि बाल्टिमोरचं उदाहरण तर फार बोलकं आहे. तिथे १९१९ पासून एक संघटना होती, जिच्यात शहरातल्या सार्वजनिक शाळा आणि खासगी शाळा एकत्र खेळत. १९९३ मध्ये शहरातल्या सार्वजनिक शाळा बाहेर पडून राज्याच्या सार्वजनिक शाळांच्या संघटनेत गेल्या. त्यानंतर खासगी शाळांनी आपली वेगळी संघटना केली. आज मॅकडोनो, कॅल्व्हर्ट हॉल, बॉइज लॅटिन, गिलमन, सेंट पॉल्स, लॉयोला ब्लेकफिल्ड ही नावं घेतली की देशभरातले लॅक्रॉसवाले कान टवकारतात. या शाळा आपसात खेळतात, आणि शालेय लॅक्रॉसमधली ही सर्वांत कठीण स्पर्धांपैकी एक समजली जाते. एकाच शहरातली मुलं, पण स्पर्धा वेगळ्या.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. खासगी शाळेकडे असं काय आहे जे चांगल्या सार्वजनिक शाळेकडे नाही? मैदान म्हणाल तर श्रीमंत उपनगरातल्या सार्वजनिक शाळेचं मैदानही उत्तम असतं. प्रशिक्षक तिथेही चांगले मिळतात. फरक दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट हद्द. सार्वजनिक शाळेला साधारणपणे आपल्या भागातली मुलंच घ्यावी लागतात. खासगी शाळा कुठूनही मुलगा आणू शकते. वसतिगृह असेल तर दुसऱ्या राज्यातून, कॅनडातूनसुद्धा.

दुसरी गोष्ट वेळ. मंडळी, आजच्या व्याख्यानाचं सार या एका शब्दात आहे. मुलगा सार्वजनिक शाळेतून खासगी शाळेत येतो, आणि येताना आठवी किंवा नववी पुन्हा करतो. नापास झाला म्हणून नव्हे. मार्क उत्तम असतात. एक वर्ष मोठा, एक वर्ष उंच, एक वर्ष दणकट होऊन बारावीपर्यंत पोचावा, म्हणून. तिथे याला ‘रीक्लास’ म्हणतात. न्यू इंग्लंडच्या वसतिगृही शाळांत आणखी एक सोय आहे : बारावी झाल्यावर अजून एक वर्ष, ‘पोस्ट-ग्रॅज्युएट’ वर्ष. सार्वजनिक शाळांत हे सहज जमत नाही. नववीत पाऊल टाकलं की आठ सत्रं, त्यात खेळायचं ते खेळा, असा नियम बहुतेक राज्यांत आहे. नववी पुन्हा केली तर ते वर्ष त्या हिशोबातून वजा होतं.

आपल्याकडे खेळात वय चोरतात. दाखले बदलतात, मग हाडांच्या तपासण्या होतात. तिथे चोरी करायची गरजच नाही. वर्ष उघडपणे, फी भरून घेता येतं. आपल्याकडे इयत्ता पुन्हा करणं म्हणजे घरात सुतक, आणि इथे आई-बाप त्यासाठी हजारो डॉलर मोजतात. पण आपणही फार हसायला नको. बारावीनंतर ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा नीटची तयारी करणारी मुलं आपल्या ओळखीत नाहीत का? हिशोब तोच आहे. फरक इतकाच, की आपला मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो आणि निदान निर्णयात त्याचा आवाज असतो. तिथे तो तेरा-चौदाचा असतो.

हे सगळं कशासाठी? आकडे बघू. अमेरिकेत हायस्कूलमध्ये लॅक्रॉस खेळणारी मुलं एक लाखाच्या थोडी वर आहेत. त्यातली शंभरात बारा-तेरा कुठल्या ना कुठल्या कॉलेज संघात पोचतात. वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, शंभरात तीनेक. बास्केटबॉलपेक्षा ही शक्यता बरीच जास्त आहे. शिवाय डिव्हिजन वनचे जे पाऊणशेच्या आसपास संघ आहेत, त्यांत येल, प्रिन्स्टन, हार्वर्ड, कॉर्नेल, ड्यूक, व्हर्जिनिया, नोत्र दाम अशी नावं आहेत. २०२५ चं राष्ट्रीय अजिंक्यपद कॉर्नेलनं जिंकलं, २०१८ चं येलनं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, लॅक्रॉस म्हणजे फुकट शिक्षण. तसं नाही. कालपरवापर्यंत डिव्हिजन वनच्या एका संघाला जास्तीत जास्त १२.६ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या चाळीस-पन्नास मुलांत वाटल्या जात. आयव्ही लीगची कॉलेजं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. मग खासगी शाळेचा एवढा खर्च करून मिळतं काय? मिळतो तो प्रवेश. हार्वर्डवरच्या गाजलेल्या खटल्यात प्रवेशाची आतली माहिती बाहेर आली. तिच्यावर काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं, की प्रशिक्षकानं निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. इतर सर्वसाधारण अर्जदारांमध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. अर्थात प्रशिक्षक आधीच मार्क बघून, चाळून नावं पुढे करतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तोलता येत नाहीत. तरी दोन रांगा वेगळ्या आहेत, हे कोणालाही दिसेल.

आता यंत्रणेतली एक गंमत. कॉलेजचा लॅक्रॉस हंगाम वसंतात, आणि शाळेचाही वसंतातच. म्हणजे शाळेचे सामने चालू असतात तेव्हा कॉलेजचे प्रशिक्षक आपल्याच संघात गुंतलेले. ते मुलं बघतात उन्हाळ्यात, खासगी क्लबांच्या स्पर्धांमध्ये. मग शाळेचा उपयोग काय? शाळा देते रोजचा कसून सराव, ओळखीचं जाळं, कॉलेजला चालेल असा अभ्यास, आणि ते वर्ष. उन्हाळी स्पर्धांत गट पडतात ते जन्मतारखेनुसार नाही, तर बारावी कोणत्या साली संपणार त्यानुसार. त्यामुळे इयत्ता पुन्हा केलेला सोळाचा मुलगा पंधराच्या मुलांसमोर उभा राहतो. त्या वयात एक वर्ष म्हणजे दोन-तीन इंच उंची आणि पाच-सात किलो वजन सहज. आणि मघाशी आपण म्हटलं, धक्का चालतो.

अलीकडे नियम बदलले, त्यांचा परिणाम काय झाला? एक काळ असा होता की आठवी-नववीतल्या मुलांकडून कॉलेजं तोंडी होकार घेत. २०१७ मध्ये यावर बंधन आलं : अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकानं मुलाशी संपर्क करायचा नाही. निर्णय चांगला होता. पण निवड पुढे गेली, तसं त्या तारखेला आपला मुलगा किती मोठा दिसतो, याला भाव आला. मग कोविड आला. २०२० मध्ये वसंतातल्या खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं, आणि कॉलेज संघांत जुनी मुलं थांबून राहिली. २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनं शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघात ४८ खेळाडूंची कमाल मर्यादा आली. शिष्यवृत्त्या वाढू शकतात, हे खरं. पण ज्या संघांत पन्नासहून जास्त मुलं असत, तिथला शेवटच्या बाकावरचा, हळूहळू तयार होणारा मुलगा आता बसत नाही. प्रशिक्षकाला तयार खेळाडू हवा. आणि तयार म्हणजे, बहुतेक वेळा, मोठा.

म्हणजे काय झालं बघा. प्रत्येक नियम आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. सगळे मिळून मात्र त्या विकत घेतलेल्या वर्षाची किंमत वाढवतात. एका घरानं वर्ष घेतलं की शेजारचं घर म्हणतं, आपला मुलगा मागे पडेल. सगळ्यांनी घेतलं, की कोणालाच फायदा उरत नाही. फक्त सगळी मुलं एकेक वर्ष मोठी होतात. रांगेत पुढचा माणूस टाचा उंचावून उभा राहिला की मागच्या सगळ्यांना टाचा उंचवाव्या लागतात, आणि दिसतं पूर्वीइतकंच.

खासगी शाळांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. या शाळांतले कित्येक प्रशिक्षक दिवसा वर्गात इतिहास किंवा गणित शिकवतात, मुलांना नावानं ओळखतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सुरू झालेल्या ‘हार्लेम लॅक्रॉस’सारख्या उपक्रमांतून साध्या घरातली मुलं या शाळांपर्यंत पोचली आहेत. काही मुलांना ते जादा वर्ष खरोखरच मानवतं; अभ्यासात कच्चा, बुजरा मुलगा त्या वर्षात उभा राहतो. प्रश्न एवढाच, की ही संधी गरज बघून मिळते की पाकीट बघून.

आणि या वाटेशिवाय मोठा खेळाडू होत नाही, असंही नाही. कॉलेज लॅक्रॉसचा सर्वोच्च पुरस्कार ‘टेवाराटन’. नाव मोहॉक भाषेतलं, अर्थ लॅक्रॉस. पण २००१ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारावर एखाद्या आदिवासी खेळाडूचं नाव यायला २०१४ उजाडलं. त्या वर्षी तो लाइल आणि माइल्स थॉम्पसन या ऑनोंडागा भावांना एकत्र मिळाला. दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या लाफायेट या सार्वजनिक हायस्कूलचे. ज्यांच्या पूर्वजांनी हा खेळ दिला, त्यांची मुलं गावच्या शाळेतून आली आणि सगळ्यांच्या पुढे गेली.

मग करायचं काय? उपाय अवघड नाही, नको असलेला आहे. उन्हाळी स्पर्धांत गट जन्मतारखेनुसार पाडा. अमेरिकेतली लॅक्रॉसची राष्ट्रीय संघटना लहान मुलांसाठी वयानुसार गटांचाच आग्रह धरते. तेच हायस्कूलच्या वयापर्यंत नेलं, तर विकत घेतलेल्या वर्षाचा मैदानावरचा फायदा बराचसा संपेल, आणि ज्याला ते वर्ष खरंच हवं आहे तोच ते घेईल. अडचण अशी, की क्लब, शाळा आणि फी भरून बसलेले पालक, तिघांचाही आजच्या व्यवस्थेत जीव अडकला आहे.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसला आपण लॅक्रॉस बघू. सहा-सहा खेळाडूंचं, छोट्या मैदानावरचं. एखादा गोल डोळ्यांचं पारणं फेडेल. तेव्हा एवढं आठवा, की या खेळाला लागते एक काठी, एक चेंडू आणि फेकून झेलायला एक भिंत. तासन्‌तास भिंतीशी खेळूनच हात बसतो. तेवढं कुठल्याही मुलाला जमण्यासारखं आहे. वर्ष मात्र सगळ्यांना विकत घेता येत नाही.

इथे थांबू.