उतरताना बाळाला उठवा

लेकीबरोबर मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा नातू अकरा महिन्यांचा होता. नऊ-दहा तासांचा प्रवास पोराने शहाण्यासारखा काढला आणि विमान उतरू लागलं तेव्हा तो मांडीवर गाढ झोपला होता. “अगं, झोपलाय तर झोपू दे,” मीच लेकीला म्हटलं. पंधरा मिनिटांनी तो किंचाळत उठला, तो चाकं जमिनीला टेकेपर्यंत गप्प झाला नाही. दोन्ही हातांनी कान ओढत होता. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून पाहिलं आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिच्या तिथल्या डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं, पण आत हवेचा दाब असतो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरचा. म्हणजे आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्याच्याही वर आपण तासन्‌तास बसून असतो. उतरताना हा दाब वाढत जातो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. कानातून घशामागे एक बारीक नळी येते. गिळलं की ती क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाची नळी अरुंद आणि आडवी असते, शिवाय झोपेत गिळणं कमीच. तो हट्ट नव्हता, कान दुखत होते त्याचे!

विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं. तेव्हा बाळाला उठवून अंगावर पाजायचं, नाहीतर बाटली द्यायची. बाळाच्या दुधाला शंभर मिलिलिटरची अट नसते. तपासणीत फक्त पिशवीतून काढून दाखवायचं. सर्दी असेल तर निघण्याआधी कान डॉक्टरांना दाखवावेत. झोपेचं औषध मात्र आपल्या मनाने देऊ नये. काही मुलं त्याने उलटी जास्तच चिडचिडी होतात.

दिवाळीला आम्ही तिघं परत आलो. नातू आता सतरा महिन्यांचा. या वेळी मी कागदी चिकटपट्टीचं एक रिळ घेतलं होतं. समोरच्या ट्रेवर तिरक्या पट्ट्या चिकटवल्या. तो नखाने कोपरा शोधायचा, जीभ बाहेर काढून हळूहळू सोलायचा, मग ती पट्टी माझ्या नाकावर. एकेका पट्टीला पाच-पाच मिनिटं. बाकी खेळणी पिशवीतच ठेवली, तासाला एक काढली. सगळी एकदम मांडली की दहा मिनिटांत पोर कंटाळतं.

शेवटच्या अर्ध्या तासासाठी त्याचा आवडता स्टीलचा पेला राखून ठेवला होता. झोपेतून उठवलं तेव्हा थोडा कुरकुरला. मी पेल्यात दोनच घोट पाणी ओतत राहिले, म्हणजे पुन्हा पुन्हा प्यायला मिळेल. खिडकीखाली वस्त्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसू लागल्या. लेक त्याच्या कानांकडे बघत होती. त्याने पेला रिकामा केला आणि परत माझ्यापुढे धरला.