बिग बझारमध्ये मुद्दाम गोंधळ केला जायचा, मग तीच दुकानं बंद कशी पडली ?

बिग बझारमध्ये तुम्ही कधी गेला असाल, तर एक गोष्ट नक्की आठवेल. आत शिरलं की चालायला सरळ रस्ताच नसायचा. मध्येच कपड्यांचा ढीग, पुढं बादल्या, वळलं की तांदूळ आणि वरून स्पीकरवर ऑफर्सचा पुकारा. ट्रॉली पुढं न्यायची म्हणजे चार जणांना धक्का ठरलेला.

बऱ्याच जणांना वाटायचं, एवढी मोठी कंपनी आणि यांना साधं दुकान लावता येत नाही. पण खरं सांगायचं, तर हा गोंधळ पैसे खर्चून केलेला होता.

आयडिया काय होती ?

१९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान उघडलं. गिऱ्हाईकानं स्वतः टोपली घ्यायची, आखून दिलेल्या एकाच वाटेनं फिरायचं आणि शेवटी पैसे द्यायचे. जगभरातली सुपरमार्केट याच पद्धतीतून पुढं आली.

किशोर बियाणींनी २००१ मध्ये बिग बझार सुरू केलं. त्यांच्या लक्षात आलं की वाट रुंद आणि मोकळी असली, की आपल्याकडचं गिऱ्हाईक सरळ चालत जातं आणि फारसं काही न घेताच बाहेर पडतं. म्हणून वाटा अरुंद आणि वाकड्या केल्या. माल उंच फळ्यांऐवजी हात घालता येईल अशा पेट्यांमध्ये ठेवला. कांद्यांमध्ये काही डागाळलेले कांदेही राहू दिले, म्हणजे चांगला निवडून काढल्याचं समाधान मिळावं. थोडक्यात काय, तर कराड-मलकापूरच्या मंडईत आपण जे करतो, तेच छताखाली आणि एसीत. २००७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं याची दखल घेतली होती.

मग माशी शिंकली कुठं ?

आराखडा चालला, पण दुकानं भाड्याच्या जागेत होती आणि डोक्यावर कर्ज होतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि गर्दीवर उभा असलेला धंदाच थांबला. ऑगस्टमध्ये रिलायन्सनं फ्यूचर ग्रुपचा हा व्यवसाय २४,७१३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. पण अ‍ॅमेझॉननं आधीच्या कराराचा दाखला देत हरकत घेतली आणि प्रकरण सिंगापूरच्या लवादापासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

दरम्यान भाडं थकलं. रिलायन्सनं अनेक दुकानांचे भाडेकरार स्वतःच्या नावावर करून तीच जागा फ्यूचरला पोटभाड्यानं दिली. फ्यूचरला तेही पैसे देता आले नाहीत. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रिलायन्सनं जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली. खरेदीला आलेल्या लोकांना बंद शटर दिसलं. कामगारांना रिलायन्सनं नोकरी देऊ केली, पण थकलेलं कर्ज फ्यूचरच्याच नावावर राहिलं. एप्रिलमध्ये कर्जदात्या बँकांनी सौदा फेटाळला, जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

बिग बझारच्या अनेक जागांवर आज स्मार्ट बझारची पाटी आहे. दुसरीकडं डीमार्टनं पहिल्यापासून शक्यतो स्वतःच्या मालकीची जागा घेण्यावर भर दिला, त्यामुळं भाड्याचा भार कमी राहिला.

गिऱ्हाईक दुकानात कसं फिरतं, हे बियाणींना बरोबर कळलं होतं. पण दुकान कितीही हुशारीनं लावलं, तरी जागेची किल्ली कुणाकडं आहे यावर सगळा खेळ ठरतो.